नानांचं बोट आणि माझं दळण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिथे मी डबा घेऊन उभा राहिलो की रांगेतली माणसं अजूनही एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी विचारतंच, "काय भाऊ, आज काय आणलं?" या साध्या प्रश्नाला मी एकदा खोटं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरापायी माझ्या थोरल्या भावाच्या पायाचं बोट जायची वेळ आली. कसं ते सांगतो. निदान जळगावात दुसऱ्या कोणी घरी बीअर करायला घेतलीच, तर तो दळणाचं आधी बघेल.

सुरुवात पुण्याला झाली. मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याने मला एका ठिकाणी नेलं, जिथे काचेपलीकडे मोठाली भांडी ठेवून तिथल्या तिथे बीअर करतात. मी आयुष्यभर जळगावातल्या पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात काम केलेला माणूस. दाब मोजायचा, तापमान मोजायचं, पाइपची जाडी मोजायची आणि बसत नसेल तर माल परत पाठवायचा, हे माझं काम. काचेतून बघताना मला वाटलं, पाणी, धान्य, उष्णता आणि वेळ एवढंच तर आहे. मी मुलाला म्हणालो, "यात काय आहे?" बायको म्हणते, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले की ती घरातल्या काचेच्या वस्तू उचलून वर ठेवते.

या छंदाला कायद्याची परवानगी कुठवर आहे, हे मी कोणाला विचारलं नाही, कारण कोणीतरी उत्तर दिलं असतं. मुलाने पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने माल्टचं पोतं पाठवलं. माल्ट म्हणजे जवच. भिजवून मोड आणलेले आणि मग वाळवून भाजलेले. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो तसंच. एक दाणा चावून बघितला तर फुटाण्यासारखा कुरकुरीत आणि मागून गोडसर. मी मूठभर खाल्ले, बायकोनेही खाल्ले आणि म्हणाली, "हे असंच चिवड्यात टाकलं तर चालेल की." तिचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

खरी अडचण दळण्याची. बीअरसाठी माल्टचं पीठ करून चालत नाही. दाणा फुटला पाहिजे, आतला गर मोकळा झाला पाहिजे, पण वरचं टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. नंतर गरम पाण्यातून ते गाळताना हीच टरफलं खाली बसून चाळणीचं काम करतात. पीठ झालं तर पातेल्यात खळ होते. नुसता दाणा दुभंगला तर गोडी आत राहते. हे सगळं मी इंटरनेटवर वाचलं आणि बायकोला समजावून सांगितलं. ती तेव्हा मेथी निवडत होती. तिने मान डोलावली, ती मला की मेथीला ते कळलं नाही.

आधी मिक्सर करून बघितला. अर्धं पीठ, अर्धे दाणे जसेच्या तसे, आणि भांड्याला वास. मग मी रीतसर शोध सुरू केला. हाताने फिरवायची मक्याची चक्की असते, ती दाणा चिरडते. दोन लोखंडी रुळांमधून दाणा दाबून काढणारी गिरणी असते, ती टरफल राखते. त्या रुळांमधली फट कमीजास्त करता येते, आणि जगभरातले हौशी लोक ती फट एटीएम कार्ड घालून मोजतात. हे वाचून मला हसू आलं. माझ्याकडे कारखान्यातलं मापक होतं. रूळ गुळगुळीत हवेत की खाचांचे, दांडा हाताचा हवा की ड्रिल मशीन लावायचा, यावर लोकांनी लिहिलेलं मी श्रावणभर वाचत बसलो. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता. गिरणी म्हणजे काय जन्माची गाठ आहे?"

आता नानांचं सांगतो. नाना माझे थोरले भाऊ. धरणगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथे ते कपाशी करतात. वडील लवकर गेले, मला शिकवलं त्यांनी. नोकरी लागून मी जळगावला आलो, तरी माझ्या घरची ज्वारी, तुरीची डाळ, उडीद कधी विकत आले नाहीत. हंगाम झाला की नाना पोती घेऊन येणार, ओट्यावर ठेवणार आणि पाणी पिऊन परत जाणार. मी त्यांच्याकडे जातो तो दिवाळीला आणि भरिताच्या दिवसांत, आणि येताना परत काहीतरी घेऊनच येतो. त्यांच्यासमोर मी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही. बीअरचा विषय काढणं तर दूरच.

नानांना बरीच वर्षं शुगर आहे. त्या साली उन्हाळ्यात शेतातल्या पऱ्हाटीचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीचा, खुंट त्यांच्या पायात घुसला, अंगठ्याशेजारच्या बोटात. जखम भरेना. जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, शुगर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल, आणि बोटावर थांबेल याचीही खात्री नाही. नानांना गोडाचा भारी सोस. गोळ्या घ्यायचे, पण जेवण झालं की गुळाचा खडा लागायचाच. मी फोनवर त्यांना दरडावायचो. दुरून दरडावायला काय जातं.

तर गिरणी निवडायचं माझं चाललं होतं आणि इकडे भाद्रपदातल्या ओल्या हवेने माल्ट सादळायला लागला. दाणा चावला की पूर्वीसारखा कुरकुर वाजेना. शेवटी निवडलेली रुळांची गिरणी मागवली, पण ती यायला वेळ होता. मग विचार केला, गल्लीत गिरणी असताना आपण का अडून बसायचं? दगड जरा सैल करून भरड काढून घेऊ. डबा भरला आणि गेलो.

आमच्या गिरणीची एक रीत आहे. कोण कोणाच्या मागे दळतं याला फार महत्त्व. आधीच्या माणसाचं मूठभर पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून कळण्याच्या मागे, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळले त्याच्या मागे, कोणी गहू घालत नाही. बाजरीच्या मागे तर नाहीच नाही. त्यामुळे रांगेत प्रत्येकजण दुसऱ्याच्या डब्यात हात घालून बघतो, दाणा चोळतो, वास घेतो आणि मग आपला नंबर पुढे-मागे करून घेतो. यात कोणाला गैर वाटत नाही. मी डबा ठेवताच मागच्या काकूंनी हात घातला. या आमच्या समोरच्या घरातल्या काकू. गल्लीत काय शिजतं ते त्यांना झाकण उघडायच्या आधी कळतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काय भाऊ, आज काय आणलं?" गिरणीवाल्यानेही वाकून बघितलं.

मला दोन उत्तरं सुचली. एक खरं होतं. "सातूसाठी जव आहेत," मी म्हणालो. "भाजलेले. शुगरला चांगले असतात."

शुगरचं का बोललो ते आजही सांगता येत नाही. नुसतं सातू म्हणून भागलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की वर आणखी दोन शब्द घालतो. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला तिथल्या तिथे आजारी असल्यासारखं वाटलं.

"जरा भरड काढा," मी गिरणीवाल्याला म्हणालो.

"सातू आणि भरड?" तो म्हणाला. "भाऊ, सातू कसं पाहिजे, फुंकर मारली तर उडालं पाहिजे. तुम्ही बघाच." आणि त्याने दगड आवळले.

मी काय बोलणार? सातू म्हणालो होतो. डोळ्यांदेखत माझ्या माल्टचं मैद्यासारखं पीठ झालं. वर त्याने माझ्यासाठी म्हणून ते दोनदा काढलं, कारण शुगरचा पेशंट.

त्यातल्या निम्म्या पिठाची मी घरी येऊन बीअर करायला घेतली, हा माझ्या हट्टाचा पुरावा. गरम पाण्यात पीठ घातलं, तासभर झाकून ठेवलं आणि पातेल्याला बसवलेली तोटी उघडली. तोटीतून काही आलं नाही. तारेने खोदलं तेव्हा पोस्टर चिकटवायला चालेल असा गोळा पडला. फडक्यातून पिळून जे काही निघालं त्यात यीस्ट टाकून गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. आठवडाभराने त्याला आंबट ताकाचा वास आला आणि मी ते कढीपत्त्याच्या झाडाला घातलं. झाड जगलं, पण ते माझं कौतुक नव्हे.

इकडे काकूंच्या घरी वेगळंच घडलं होतं. त्यांची ज्वारी माझ्या मागे दळली गेली होती. दगडात राहिलेला माझा माल्ट त्यांच्या पिठात उतरला आणि त्या दिवशीच्या भाकरी खरपूस, गोडसर, अशा झाल्या की त्यांच्या घरी एकही शिल्लक राहिली नाही. काकूंनी ही गोष्ट स्वतःजवळ ठेवली असती तर त्या काकू कसल्या? भाऊंचा सातू, शुगरवरचा, चवीला गोड आणि तरी गुणकारी, असं गल्लीभर झालं. लोक मला तब्येत विचारायला लागले. गणपतीच्या प्रसादाला माझ्या हातावर मोदकाऐवजी काकडीची फोड ठेवली. बायको हसून हसून बेजार झाली. मला ती म्हणाली, "आता जन्मभर काकडीच खा."

हे इथवर गमतीचं होतं. पण काकूंची धाकटी बहीण आमच्याच गावी दिली आहे. चार दिवसांनी सकाळीच दारात नाना उभे. पायाला पट्टी, त्यावर सैल चप्पल, हातात पिशवी. पहिल्यांदाच असं झालं की त्यांची पिशवी रिकामी होती.

"तुना तो सातू कथा शे?" बसायच्या आधी त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं. "बठ्ठा गाव म्हनी ऱ्हायना शुगरवर गुणकारी शे. मले काबरं नही सांगं तू? मी आठे गोया खाई खाई कटाळी गऊ."

कुठे आहे तो सातू, सगळं गाव सांगतंय आणि तू मलाच का नाही सांगितलंस, असं त्यांचं म्हणणं होतं. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. तिची नजर स्पष्ट सांगत होती की आत्ता बोला. नानांसमोर बीअर हा शब्द माझ्या तोंडातून फुटेना. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, मुलगा कमावता, आणि भावासमोर माझी दातखीळ बसली. मी मनाशी हिशेब मांडला. जव तर शुगरला चांगलेच असतात असं लोक म्हणतात. माल्टची साखर होते ती गरम पाण्यात, ठरावीक तापमानाला, तासभर ठेवल्यावर. नाना तर भाकरीत घालतील. भाकरीत कुठे तासभर गरम पाणी असतं? हे सगळं माझ्या तपासणी विभागातल्या डोक्याने तपासून पास केलं आणि मी त्यांना उरलेलं पीठ डब्यात भरून दिलं.

नानांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडून वास घेतला. "मनासाठे दयन करं तू?" त्यांनी विचारलं.

"हो, तुमच्यासाठीच दळलं," मी म्हणालो.

नाना डबा मांडीवर घेऊनच चहा प्यायले, बिनसाखरेचा, आणि बसस्टँडला गेले. मी रिक्षा करून देतो म्हटलं तर नको म्हणाले.

त्यानंतर माझी रुळांची गिरणी आली. ती आली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी फार खूश होतो. जेवणाच्या टेबलाला पट्टीने आवळली, मापक घालून फट बरोबर केली, ड्रिल मशीन लावलं आणि बटण दाबलं. ड्रिलचा वेग कमी ठेवायचा असतो, हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. माल्ट रुळांत जायच्या ऐवजी घरभर उडाला. पंख्यावर, देव्हाऱ्यात, बायकोच्या केसांत. ती उठून शांतपणे गच्चीवर गेली. मग मी ड्रिल काढून हाताने दांडा फिरवला आणि काय सांगू, खालच्या घमेल्यात पडलं ते बघत राहावं असं होतं. टरफलं अख्खी, गर वेगळा, पीठ अगदी नावाला. मी बायकोला खाली बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. आता माझं टेबल सोडा."

पण त्या सुंदर भरडीची बीअर करायला माल्ट उरला नाही, कारण नानांचा फोन आला. सातू संपला. मी आणखी दिला. पंधरा दिवसांनी आणखी. देताना दर वेळी वाटायचं की आता सांगावं, आणि दर वेळी ते इतक्या आनंदाने यायचे की मी पोत्यातून काढून द्यायचो. एव्हाना मी गल्लीतल्या गिरणीत जाऊन माल्ट मुद्दाम बारीक दळून आणायला लागलो होतो. म्हणजे बीअरसाठी मी इतका शोध करून गिरणी निवडली आणि माझं पोतं संपलं ते तिच्याविना. तेव्हा ते मला फार लागलं होतं. नानांच्या बोटाचं मी तेव्हा विचारायचोही, नाही असं नाही. "बरं शे," ते म्हणायचे आणि मी पुढचं विचारायचो नाही.

दिवाळी झाल्यावर नानांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि बराच वेळ बोटाकडे बघत राहिले. बोट काळपट झालं होतं. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला.

"नाना, शुगर वाढली आहे. नुसती वाढली नाही, फार वाढली आहे. गोड खाताय?"

"शपथ लेस," नाना म्हणाले. "गूळ सोडा, चहामा साखर सोडी, दिवाईना लाडूले हात बी नही लावा. रोज सकाय-संध्याकाय सातू पेस. मना भाऊनी मनासाठे गिरणीवर जाईसन दयी आना." भावाने दळून आणला हे सांगताना त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले.

"पिता? कसा पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

नानांनी उत्साहाने सांगितलं. "चांगलं ऊन पानी लेस. बोट बुडाडं ते चटका बसाले जोयजे, पन पोयाले नको. त्यामा सातू कालवस आनि चुलीना वैलवर तासभर झाकी ठेवस. मंग असा गोड व्हस, डाक्टरसाहेब, गूळ टाकानी गरजच नही."

वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं छोटं तोंड, जिथे नुसता जाळाचा शेक लागतो. चटका बसेल पण पोळणार नाही असं पाणी, तासभर झाकून, शेकावर. माझ्याकडे थर्मामीटर होतं, मापक होतं, तोटीचं पातेलं होतं, आणि मला जे जमलं नव्हतं ते नाना दिवसातून दोनदा पेल्यात करत होते. माल्टमधल्या सगळ्या पिठाची साखर करून ती ते शुगरवरचं औषध म्हणून पीत होते. आणि ते औषध मी पुरवत होतो.

नानांनी पिशवीतून पुडी काढली. डॉक्टरांना दाखवायला आणली होती. डॉक्टरांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि विचारलं, "हे सातू नाही. काय आहे हे?"

नानांनीही माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला बीअरची लाज नव्हती, कायद्याची भीती नव्हती. ते काळं पडलेलं बोट टेबलाखाली स्टुलावर ठेवलेलं होतं आणि मला फक्त तेच दिसत होतं.

"माल्ट आहे," मी म्हणालो. "बीअर करण्यासाठी आणला होता. त्याची साखर होते. नाना, तो पिऊ नका. तुमची शुगर त्यानेच वाढली."

डॉक्टरांनी माझ्यावर जो राग काढायचा तो नंतर काढला, नानांना बाहेर बसवून, आणि त्यातला एक शब्दही मला परत पाठवता येण्यासारखा नव्हता. इन्सुलिन सुरू केलं. महिनाभर बघू म्हणाले. मोड न आणलेले साधे जव भाजून त्यांची जाडसर भरड रोज थोडी खाल्ली तर चालेल, पण मोजून, असंही म्हणाले. मी निघताना ते हळूच म्हणाले, "आणि होते का बीअर?" मी मान हलवून नाही म्हणालो.

मोटारसायकलवर नाना मागे बसले होते. आम्ही स्टँडला आलो. बस लागली नव्हती म्हणून आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, "नाना, माझं चुकलं." ते समोर बघत होते.

"मंग बीअर कशी व्हयनी?" त्यांनी विचारलं.

"नाही झाली," मी म्हणालो. "पहिली खळ झाली. दुसरीला माल्ट उरला नाही."

नानांचे खांदे हलायला लागले. "म्हंजे मनं बोट पणले लायं," ते म्हणाले, "आनि तुले बीअर बी नही जमनी?"

ते हसायला लागले, आणि मग मलाही हसू आलं, पण माझं मध्येच अडकलं, कारण हसणं थांबवून ते म्हणाले, "मी ते गावमा बठ्ठासले सांगी टाकं व्हतं. मना भाऊनी मनासाठे दयी आना म्हनीसन. आते काय सांगू त्यासले?"

बस आली, मी त्यांना खिडकीजवळ जागा करून दिली आणि गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर दिसेनाशी होईतो उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून माझ्या घरी किती पोती आली असतील, आणि माझ्याकडून त्यांच्या घरी पहिल्यांदा धान्य गेलं ते हे. ते त्यांनी गावभर मिरवलं होतं. मला घरी जावंसं वाटेना. बराच वेळ मी स्टँडवरच बसून होतो.

बोट राहिलं. महिना म्हणता म्हणता हिवाळा सरला तेव्हा जखम भरत आली. त्या बोटाला नख अजून नीट येत नाही आणि नाना ते पाहुण्यांना दाखवतात. "हाई मना भाऊनी बीअर," असं म्हणून दाखवतात.

डॉक्टरांनी सांगितलेले साधे जव मी बाजारातून आणले, भाजले आणि माझ्या रुळांच्या गिरणीत घातले. निदान आता तरी तिचा उपयोग होईल असं वाटलं होतं. पण मोड न आणलेला जव खड्यासारखा कडक. दांडा फिरवता फिरवता टेबलाची पट्टीच निसटली आणि मी टेबलासकट सरकलो. बायकोने पंख्याखालून सगळं बघितलं आणि माझ्या हातात डबा दिला.

म्हणून पुन्हा गल्लीतली गिरणी. बीअरची बातमी तोवर तिथे पोचली होती. ती कोणी पोचवली हे मी शोधलं नाही, कारण घरात आम्ही दोघंच असतो.

"काय भाऊ, आज काय आणलं?" गिरणीवाल्याने विचारलं.

"जव आहेत," मी म्हणालो. "भावासाठी. शुगरला. भरड काढा."

रांगेतली झाडून सगळी माणसं हसली. गिरणीवाल्याने डोळा मारला आणि म्हणाला, "हां हां, शुगरला." मी शपथ घेतली, दाणा हातावर घेऊन दाखवला, डॉक्टरांचं नाव घेतलं. कोणी ऐकेना. काकूंनी तर आपला ज्वारीचा डबा उचलला आणि दोन माणसं ओलांडून माझ्या डब्यामागे आणून ठेवला. म्हणाल्या, "मी याच्याच मागे दळणार. मागच्या वेळची भाकरी अजून आठवते."

त्या दिवशी मी भरड घेऊन सरळ गावी गेलो, बसने. नाना ओट्यावर बसले होते. वहिनींनी त्यातली थोडी शिजवून दिली, मीठ घालून, ताक घालून. नानांनी एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"गोड नही लागत," ते म्हणाले.

"नाही लागणार," मी म्हणालो.

तेवढ्यात रस्त्याने शेजारचे आबा चालले होते. नानांनी त्यांना हाक मारली आणि वाटी वर करून दाखवली. "मना भाऊनी दयी आना," ते म्हणाले. "मनासाठे." आबा पुढे गेल्यावर आवाज खाली करून मला म्हणाले, "पहिला चांगला व्हता." आणि वाटी पुसून संपवली.